मोठीमायचे नासाडीचे शब्द

पोस्टमनने ओट्यावर टाकलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता. म्हणजे कुणीतरी गेलं, हे वाचायच्या आधीच कळलं. यांनी ते उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंदुरबारहून आहे... मोठीमाय गेल्या." धाकट्या काकांनी मोजून दोन ओळी लिहिल्या होत्या. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून मी ते तिथंच फाडलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. आता त्याला काही आठवडे होऊन गेले आहेत, तरी कणीक मळताना मध्येच हात थांबतो.

मोठीमाय ही माझ्या थोरल्या काकांची बायको. मी रांगत होते तेव्हाच माझी आई गेली, वडील रेल्वेच्या नोकरीत गावोगाव फिरणारे. मला वाढवलं ते मोठीमायने. तिला मूलबाळ नव्हतं. नंदुरबारला गावाबाहेर काकांचं मिरचीचं खळं होतं, घरच्या बोलीत खयं. हंगामात तिथं ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पडायच्या, धडगावच्या डोंगरातून उतरलेल्या पावरी आदिवासी बाया त्या पायांनी आणि दाताळ्यांनी परतायच्या, आणि आमचं घर सगळा हिवाळा शिंकत असायचं. काका तापाने गेले आणि खळं मोठीमायने स्वतःच्या अंगावर घेतलं. बाईमाणसाने व्यापाऱ्यांशी भाव करावा हे गल्लीत बऱ्याच जणांच्या पचनी पडलं नाही. त्यात पहिले धाकटे काका. त्यांचा डोळा खळ्यावर होता, आणि हे ते लपवतही नसत.

पण मोठीमायची खरी ख्याती तिच्या जिभेची. काही बिघडलं, सांडलं, मोडलं की तिच्या तोंडून शब्द निघायचाच, आणि तो ठरलेला असायचा. पिठात पाणी जास्त झालं तर चुथडा. खेळता खेळता पोरं भांडली तर विचका. लग्नाची बोलणी फिसकटली तर बट्ट्याबोळ. ट्रंक उघडून कुणी कपडे घरभर केले तर इस्कोट. जावाजावांच्या भांडणात चूल वेगळी झाली तर धूळधाण. एकाचा शब्द दुसऱ्याला लावलेला तिला खपत नसे. मी एकदा सांडलेल्या दुधाला धूळधाण म्हटलं, तर मला म्हणाली, "इतला मोठा सबद दूधवर खर्च करशी, तर पुढे काय करशी वं?" पावरी बायांना मराठी फारसं येत नव्हतं, पण हे शब्द त्यांनी झटकन उचलले होते. पाटी कलंडली की त्याच आधी "चुथडा!" म्हणून ओरडायच्या आणि हसत सुटायच्या.

एक शब्द मात्र तिच्या तोंडून कधी निघाला नाही. वाटोळं. विहिरीवर एक शेजारीण भांडणाच्या भरात दुसरीला "तुन्हं वाटोळं होवो" म्हणाली, तेव्हा मोठीमायने भरलेली घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "तो सबद परत ले." बाईने परत घेतला तेव्हाच ती हलली. मी वाटेत कारण विचारलं. "तुन्हा मोठा काका गया तव्हय गल्लीनी मन्हावर हाऊच सबद टाका व्हता," एवढंच म्हणाली आणि घागर सावरत पुढे चालू लागली.

मग ते पौषातलं मावठं आलं. ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. पथाऱ्या रोज गोळा करून झाकायच्या, ही खळ्याची रीत. पण बायांना खांडबाऱ्याच्या बाजाराला जायचं होतं, गाडी धरायची होती, म्हणून मोठीमाय म्हणाली, "जा, आज ऱ्हाऊ द्या पसरेल." पहाटे पाऊस आला तो दुपारपर्यंत हटला नाही. आम्ही दोघी सादड्या, म्हणजे झाकायच्या चटया, घेऊन धावलो, पण काय झाकणार? खळ्यातून लाल पाणी वाहत होतं. चार दिवसांत निम्मी मिरची पांढरी पडली, उरलेल्यातली बरीचशी काळी.

मोठीमाय काहीच बोलली नाही. मला त्याचीच धास्ती वाटली. दूध उतू गेलं, मांजराने शिंकं पाडलं, तरी शब्द नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसून राही. ही आता उठत नाही, असं मला वाटायला लागलं होतं... तेव्हाच धाकटे काका आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, तुन्हं वाटोळं व्हयनं. आते खयं मन्हाकडे दी टाक."

तिने मान वळवली. ती हळूच म्हणाली, "वाटोळं मानूसनं व्हस भाऊ, मिरचीनं नई. मिरचीना इस्कोट व्हयना, इतलंच." इस्कोट म्हणजे तिच्या लेखी आवरायचं काम. ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती पदर खोचून उठली. "उनाच शे तर सादडीनं टोक धर," तिने काकांना सांगितलं, आणि गोंधळलेल्या काकांनी धरलंसुद्धा! त्या दिवसापासून आम्ही चांगली मिरची निवडत बसलो. खळं तिचंच राहिलं. पुढच्या हंगामापासून काकाही तिच्या हाताखाली येऊ लागले. बिनमुलांची ती आणि विधुर झालेले ते, अशी त्या दोघांनी इतकी वर्षं खळ्यावर भांडत काढली.

दहाव्याला मी नंदुरबारला गेले. घाटावरून आल्यावर माणसं ओट्यावर टेकली होती. काका खळ्याकडे बघत खांबाला टेकले होते, फार म्हातारे दिसत होते. एकाएकी म्हणाले, "मन्हं वाटोळं व्हयनं, पोरी."

काका, शब्द परत घ्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण म्हणता आलं नाही. या खेपेला त्यांनी शब्द बरोबर लावला होता.