विलायती गावातली नवसाबाईची विहीर

"अवो, अजून दोन हात खाली चला. पाणी हाय."

"बये, पहार कातळावर नाचतीय. पाणी असतं तर बोललं असतं."

"बोलायला ते काय तुमचा मेव्हणा हाय? तुमी वर या, मी उतरते."

हे भांडण बहात्तरच्या दुष्काळातलं. अर्धवट विहिरीच्या तळाशी खंडेराव, काठावर त्याची बायको नवसाबाई आणि मागे भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन उभी त्यांची नवी सून कुसाबाई, वय पंधरा. सासूसासऱ्यांचं भांडण सुनेनं ऐकू नये म्हणतात, पण दोन्ही हात पाटीला असल्यावर कान झाकायचे कशानं? नवसाबाई कासोटा मारून खरंच खाली उतरली. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. मग तिनं विहिरीच्या आतल्या अंगाला, वाकून हात पोचेल असा कोनाडा करून घेतला आणि त्यात साती आसरा बसवल्या. शेंदूर फासलेले सात गोटे, पाण्याच्या देवी त्या. मळ्यातली पहिली फुलं त्यांना, मग बाजाराला. सासू गेल्यावर कुसाबाईनं तो नेम चालवला.

मखमलाबादकडचा तो मळा पुढे विकला गेला. पोरं सातपूरच्या कारखान्यात लागली होती, खुरपं कोणाला धरायचं नव्हतं. सही कुसाबाईनंही केली, आणि त्याचा दोष तिनं कधी दुसऱ्याच्या गळ्यात घातला नाही. मळ्याच्या जागी बंगल्यांची वसाहत झाली. तिच्या भिंतीबाहेर उरलेल्या तुकड्यात ती शेवंती लावायची आणि आतल्या बंगल्यांना रोज सकाळी पूजेचे पुडे पोचवायची.

आत जे उभं राहिलं त्याचं नाव विलोफील्ड व्हिलेज. थेट इंग्रजांच्या गावासारखं आखलेलं. लाल कौलांचे बंगले, घड्याळाचा मनोरा, फरसबंदी गल्ल्या, बदकांचं तळं, तळ्याकाठी चहाचं दुकान आणि एक लाल टपालपेटी, तिच्यातून पत्रं काढायला कोणी येत नाही. "सगळं हाय," कुसाबाई म्हणायची, "फक्त तिथं कोणी कोणाला वळखत नाय."

गेल्या दसऱ्याच्या आधी आठ दिवस भिंतीच्या आत गेलेल्या त्या विहिरीचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. तो उघडला तेव्हा काठावर पितळी पाटी दिसली. अक्षरं इंग्रजी. कुसाबाईनं गेटवरच्या काळूला बोलावलं.

"वाच बरं."

काळूनं बोट फिरवत वाचलं. "ही विहीर दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबानं खोदली, मावशी. आणि हा कोनाडा साहेबाच्या कंदिलाचा."

कुसाबाईनं वाकून पाहिलं. कोनाड्यात विजेचा कंदील लावलेला होता. गोटे नव्हते.

फुलांची टोपली काखेत तशीच घेऊन ती ऑफिसात गेली. तिथं भाग्यश्री मॅनेजर बसते.

"आजी, लोकांना गोष्ट आवडते. गावाला काहीतरी इतिहास नको?"

"हाय की इतिहास. रोज सकाळी तुझ्या टेबलावर फुलं ठिवते मी. एका दिशी तरी इचारायचं."

"तुमच्याकडे कागद आहे का काही?"

"साहेबाचा दाखव, मग माझा मागशील."

भाग्यश्रीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. कुसाबाईनं तो परत सारला.

"देवी कुठं हायेत?"

"देवी? ते दगड होय? साफसफाईत निघाले. माळ्यानं गुलाबांच्या कडेला लावलेत."

होते तिथं. चुना फासलेले, ओळीनं, कोणीही पाय ठेवील असे. कुसाबाई घरी गेली, खुरपं घेऊन आली आणि भर सकाळी, चहा पिणाऱ्या मंडळींसमोर, गुलाबांत बसून एकेक गोटा उकरू लागली. काळू धावत आला.

"मावशी, कॅमेरे हायेत."

"असू दे. माझं तोंड नीट दिसल असं फिरव."

पदरात घालून तिनं दोन खेपांत सातही नेले आणि आपल्या तुकड्यात, पंपाच्या कट्ट्यावर मांडले. चुना खरवडताना तिची नखं फुटली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पाटी मात्र हलली नाही. विषय तीनदा रहिवाशांच्या मीटिंगला गेला, तीनदा तसाच परत आला. कुसाबाई दर दारात पुडा देताना सांगायची, "इहीर साहेबाची नाय. माझ्या सासूनं कातळ फोडलाय." कोणी मान हलवायचं, कोणी ऐकता ऐकता दार लावायचं. भाग्यश्रीशी तर तिनं बोलणंच टाकलं.

"आत्याबाई, सोडा आता, बीपी वाढतंय," सून उज्वला म्हणाली.

"खोटं वाढलेलं चालतं, आणि माझं बीपी नाय चालत?"

पौषात, एका मंगळवारी, कुसाबाई झोपेतच गेली. आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, हाडं मोडणारी थंडी होती, तरी तिनं शेवंती खुडली, पुडे बांधले, दारोदार दिले आणि प्रत्येक दारात विहिरीचं सांगितलं. शेवटी ऑफिसात आली.

"आजी, पाटीचं पुढच्या मीटिंगला नक्की," भाग्यश्री म्हणाली.

कुसाबाईनं टेबलावरच्या गणपतीपुढची कालची सुकलेली फुलं उचलून टोपलीत टाकली, ताजा पुडा ठेवला आणि बाहेर पडली.