जाळी बसवतो म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगलीत ज्या मुलांना जपानी शिकवते, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय—ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी साताऱ्याची. जपानीच्या परीक्षा दिल्या आणि लोणंदजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. घरी केवढं कौतुक! आई आल्यागेल्यासमोर मला जपानीत बोलून दाखवायला लावायची. मला वाटायचं, भाषा आली आपल्याला. शब्द आले होते, इतकंच.

तिथे पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर बिरूदादा होते. घरची मेंढरं भावावर सोपवून कारखान्यात आलेले, चाळिशीचे, कमी बोलणारे. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते—त्यांची मोडली होती, आणि मशीन मधेच आपोआप खाली यायचं. जपानी साहेब पाहणीला आले तेव्हा बिरूदादा पुढे झाले.

"ताई, साहेबास्नी सांगा. जाळी बसल्याबिगर मी हितं उभा ऱ्हाणार न्हाई."

मी सांगितलं. साहेबांनी मान जराशी तिरकी केली, दातांमधून श्वास आत ओढला आणि म्हणाले, "केन्तो शिमास."

शब्दकोशात याचा अर्थ 'विचार करतो'. पण असा श्वास घेऊन, अशा सुरात म्हटलं की तो बहुतेकदा नकार असतो—समोरच्याला लागू नये म्हणून मऊ केलेला. मला हे माहीत नव्हतं? होतं. आमच्या बाईंनी वर्गात बजावून सांगितलं होतं. पण बिरूदादा माझ्या तोंडाकडे बघत होते, लाइनवरची माणसं लांबून बघत होती, आणि मला—कसं सांगू—काम करून दाखवणारी व्हायचं होतं.

"जाळी बसवतो म्हणाले," मी म्हणाले. "आठ दिवसांत."

ते आठ दिवस मी कुठून आणले?

"मग काढतो की आठ दिस," बिरूदादा हसले आणि प्रेसपाशी गेले.

सहाव्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, नवखी पोर, चुकली. थांबा—अजून सांगायचं आहे.

चौकशी बसली. बँडेजचा हात मांडीवर धरून बिरूदादा म्हणाले, साहेबांनी जाळीचा शब्द दिला होता. साहेब म्हणाले, मी असं म्हटलंच नाही. मशीनच्या आवाजात दुसऱ्या कुणी काही ऐकलं नव्हतं. मग सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही यांना काय सांगितलं होतं?

"विचार करतो—एवढंच."

माझा आवाज जराही कापला नाही.

बिरूदादांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. का नाही ओरडले? मान खाली घालून म्हणाले, "ताई शिकलेल्या हायत. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल." कागदावर तेच लिहिलं गेलं. महिन्याभरात ते काम सोडून कवठे महांकाळकडे, गावी गेले.

मागच्या वर्षी सांगलीच्या स्टँडवर त्यांनीच मला ओळखलं. "ताई, बऱ्या हाय का?" शेजारी बायको होती. कुठे निघालात, मी विचारलं. कानाच्या डॉक्टरकडे, ती म्हणाली. "डॉक्टर म्हंत्यात, कान चांगलं हायत. पर कारखान्यातनं आल्यापास्नं यांचा सोताच्या कानावर इश्वासच न्हाई बघा. काय बी सांगा, तीन-तीनदा इचारत्यात. बाजारात जात न्हाईत, कुणाचा सांगावा घेत न्हाईत."

बिरूदादा ओशाळून हसले. डाव्या हाताने टोपी सारखी केली.

तिथे बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं, आणि तेही मराठीत. मी म्हणाले, माझी गाडी लागली.

गाडी लागली नव्हती. मी खांबाआड जाऊन उभी राहिले, ती दोघं रस्ता ओलांडून जाईपर्यंत.

बिरूदादांचे कान चांगले होते. त्यांनी जे ऐकलं, तेच मी बोलले होते.