हरळीवरचं दव

निवृत्त झाल्यावर अप्पांनी कुंभकोणमच्या घरापुढे दोन खाटा मावतील एवढी हिरवळ केली. साध्या हरळीची. रोज पहाटे ते तिच्यावरून अनवाणी चालत. आई दारात उभी राहून रोज तेच बोलायची, की ज्या दूर्वा देवाच्या डोक्यावर वाहायच्या, त्या हा माणूस पायाखाली घालतो. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मुद्दाम एक फेरी जास्त घालत. बाहेरचा सगळा व्यवहार आमचा तमिळमध्ये, पण हे भांडण घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत. त्या आवाजानेच मला जाग यायची. अजूनही त्याच वेळेला येते.

अप्पा गेले. त्यानंतर आईने हिरवळीवर कुणाला पाय ठेवू दिला नाही. पाणीही कडेला उभं राहून घालायची, तेही दिवेलागणीला. मार्गळी महिन्यातले थंडीचे, दवाचे दिवस आले आणि गवतात रुपयाएवढे पिवळट डाग पडले, मग ते एकमेकांत मिसळू लागले. आईने शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर आळ घेतला. तो दिसला की ती केरसुणी उचलायची. मला मात्र धास्ती बसली. अप्पांच्या हातचं तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं, आणि तेही डोळ्यांदेखत चाललं होतं.

शेजारी आडुतुरैच्या शेती संशोधन केंद्रात भातावरच्या रोगांचं काम करून निवृत्त झालेले. मी त्यांना सकाळीच बोलावलं. ते उकिडवे बसून बघत राहिले. कुत्र्याच्या लघवीने गवत जळलं तर डागाभोवती गडद हिरवं कडं उठतं, ते इथे नव्हतं. दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू मात्र होते, ऊन चढलं की दिसेनासे होणारे. त्यांनी एक पातं माझ्या हातावर ठेवलं. मधोमध वाळल्या काडीच्या रंगाचा डाग, त्याला तांबूस किनार. बुरशी आहे, ते म्हणाले. स्वतःच्या कुत्र्याची बाजू कोण घेणार नाही, असं आई मला मराठीत पुटपुटली. ते हसले. इतक्या वर्षांच्या शेजारात तेवढी मराठी त्यांनाही कळत होती.

मग त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "ते रोज चालायचे. आता यावर कुणी चालतं का?"

मी आईकडे पाहिलं. पात्यावर दव फार वेळ राहिलं की बुरशीला फावतं, त्यांनी समजावलं. पाणी सकाळी घालायचं, थोडं खत द्यायचं आणि उजाडलं की दव झाडून टाकायचं. पायांनी झाडलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जाग आली, तर बाहेर आईचा आवाज. दारात जाऊन पाहिलं. साडी घोट्यांवर उचलून ती अनवाणी हिरवळीवर चालत होती, अप्पांच्याच वाटेने.

"देवाचें गवत मलाही पायाखालीं घालायला लावलेंत ना शेवटीं," ती म्हणत होती.

मी बाहेर गेलो नाही. फेऱ्या संपवून ती पायरीपर्यंत आली, थांबली आणि मागे वळून आणखी एक फेरी घालून आली.