मीटरवाल्याने घेतलेलं घर

आमचे हे मीटर वाचतात. एकवीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहायची नोकरी. कुत्र्यांना भीत नाहीत. घरातल्या माणसाने आवाज चढवला, की मात्र ह्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा माणसाने बँकेच्या लिलावात घर घेतलं, तेही आत माणसं राहत असताना! "ताबा तुमचा तुम्ही बघा," म्हणून बँकेच्या साहेबांनी हात झटकले. आमची सगळी पुंजी त्या घरात अडकली. वकील म्हणाले, आधी जाऊन नीट बोला.

तीनदा हे कोपऱ्यावरूनच परत आले. चौथ्या खेपेला मी ओरडले, तेव्हा कामाचा खाकी शर्ट चढवला, बॅटरी घेतली नि मीटर वाचायला निघाल्यासारखे निघाले. मला रागच आला. स्वतःच्या घरात असं चोरासारखं जायचं?

मीटरवाले म्हणून तिथल्या बाईंनी लगेच दार उघडलं. मीटर आत, जिन्याखाली. ह्यांनी बॅटरी मारली, तर खाली रॉकेलचा कॅन, काठोकाठ भरलेला. वर काडेपेटी.

"हात नका लावू, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. "घर घेणारा आला की पेटवून देईन, म्हणतात आमचे मिस्टर. आठ दिवस धड जेवले नाहीत. मी कुणालाच दार उघडत नाही. तुमची गोष्ट वेगळी."

ह्यांनी बॅटरी विझवली. गुपचूप निघून यायचं, एवढंच करायचं होतं. पण ह्या भित्र्या माणसाला खोटं पचत नाही, ही माझी जुनी रड. "ताई," हे म्हणाले, "घर मीच घेतलंय."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरला. "कोण आलंय गं?"

बाईंनी कॅनकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. पळायचं तर दार बाईंच्या पाठीमागे होतं. आता संपलं सगळं, असंच ह्यांना वाटलं.

"मीटरवाले," बाई मोठ्याने म्हणाल्या. "निघालेच ते."

मग कॅन उचलून त्यांनी ह्यांच्या हातात दिला. "घेऊन जा हा. आठवडाभर थांबा, मी मिस्टरांना माझ्या भावाकडे नेते."

कॅन घेऊन हे घरी आले, ते घामाने निथळतच. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"दुसरा कॅन असेल का गं त्यांच्याकडे?"