वीस चिंचोके

वडील गेले तेव्हा माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. सकाळी दाढी करता करता ते खुर्चीतच कलंडले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चौदावा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तास घ्यायला गेले. विद्यापीठात संशोधन आणि सोलापुरातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं, असं माझं दोन्हीकडे चालू होतं. त्या दिवशी एमएस्सीच्या वर्गाला बेजियन संख्याशास्त्राची सुरुवात करून द्यायची होती. आधी आपला एक अंदाज असतो, त्याला प्रायर म्हणायचं. मग माहिती येते आणि अंदाज बदलतो, एवढं मी फळ्यावर मांडलं.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एखादी गोष्ट होणारच नाही असं धरून शून्य दिलं तर?"

"मग कितीही माहिती आली तरी शून्यच राहतं. म्हणून शून्य सहसा द्यायचं नाही," मी म्हणाले आणि पुढचं उदाहरण घेतलं. तास नीट झाला. घरी येऊन जेवले. रडू आलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत राहायची.

माझा विषय मेंढ्यांच्या कोकरांचा होता. जन्मलेल्यांपैकी किती कोकरं तीन महिने काढतात, याचा अंदाज. सरकारी नोंदी तुटपुंज्या होत्या. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "नोंदी कमी आहेत ना? मग ज्यांनी आयुष्यभर मेंढ्या राखल्या त्यांना विचार. त्यांचं मत आकड्यात बसव, तोच तुझा प्रायर."

म्हणून मी करमाळ्याच्या एसटीत बसले. ओळखीतल्या एकानं पत्ता दिलेली मेंढपाळ बाई तिकडे एका माळावर राहायची. साठीच्या पुढची, नवरा नव्हता, कळप ती आणि तिची सून मिळून बघायच्या. मी तिला मावशी म्हणू लागले. घोंगडीवर एक मोठा कागद पसरला. त्यावर अकरा चौकोन होते. पहिला रिकामा, दुसऱ्यात एक ठिपका, असं करत शेवटच्यात दहा ठिपके. तिच्या हातात वीस चिंचोके दिले.

"दहा कोकरं जन्मली तर किती जगतील? जे जास्त वेळा होतं तिथं जास्त चिंचोके ठेवा."

तिनं घाई केली नाही. आठ ठिपक्यांवर सात चिंचोके ठेवले, मग त्याच्या आजूबाजूला थोडे थोडे. पाचावर एकच. त्याच्या खालचे सगळे चौकोन तिनं मोकळे ठेवले.

"याच्या खाली कधीच नाही?"

"माज्या हयातीत तर न्हाय की."

चिंचोके मोजता मोजता तिनं विचारलं, "घरी कोण कोण हाय तुज्या?"

"आई. वडील दोन महिन्यांपूर्वी गेले."

"रडलीस?"

"नाही."

तिनं मोजलेले चिंचोके माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, "कोकरू मेलं की मेंढी दोन-तीन दिस तितंच हुबी ऱ्हाती. वरडत बी न्हाय. मग लागती चरायला. तिला कुणी इचारत न्हाय."

सोलापूरला परत आल्यावर सरांनी कागद बघितला आणि मोकळ्या चौकोनांवर बोट ठेवलं. "इथं शून्य चालणार नाही." मी त्या चौकोनांत स्वतःच्या मनानं एका चिंचोक्याचं वजन वाटून टाकलं. न सांगता करणं बरं वाटेना, म्हणून मावशीला फोन केला.

ती तुटकपणे म्हणाली, "मग मला इचारलंस कशाला?" आणि फोन ठेवला.

त्या पावसाळ्यात तिच्या सुनेचा फोन आला. कोकरांना हगवण लागली होती. मी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. आदल्या महिन्यात जन्मलेल्या दहांपैकी तीनच उरली होती. सून खड्डा बुजवत होती. मावशी जाळीच्या कुंपणाला धरून उभी होती. मी वही काढली, किती जन्मली, किती गेली, कोणत्या दिवशी, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. माझा आवाज वर्गात असतो तसाच होता. तो माझा मलाच ऐकू आला आणि मी वही मिटली.

मावशी म्हणाली, "ल्ही की. त्यासाठनंच आलीस न्हवं?" त्यात राग नव्हता. मी उरलेलं लिहिलं, मग सुनेच्या हातातलं फावडं घेतलं. संध्याकाळच्या एसटीपर्यंत आम्ही तिघींनी मिळून खड्डा बुजवला आणि वर दगड रचले.

घरी आईला हे सगळं सांगितलं. वडील गेल्यापासून मी तिच्याशी एवढं बोललेच नव्हते. ती ज्वारीचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांच्या छातीत आठ दिवस दुखत होतं. दवाखान्यात चला म्हटलं तर उद्या-उद्या करायचे. तुला सांगू देत नव्हते. तिचं लिहायचं चाललंय, म्हणायचे."

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आईचे हात थांबले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे तीही वाटच बघत होती.

"आठ दिवस?" मी विचारलं.

"आठ. जास्तच असतील."

"बरं," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी प्रबंध सादर झाला. कोकरांचं प्रकरण सरांना सगळ्यात पक्कं वाटलं. त्या बाईची नोंद त्यात एका ओळीत आहे, नावाशिवाय. आईनं त्या रात्रीनंतर तो विषय काढला नाही, मीही नाही. फक्त जेवायला आम्ही आता एकत्र बसतो. आधी ती मला वाढून स्वयंपाकघरात एकटीच जेवायची.