पाचवा अंक समोरून

तालमीला आले की आबा वही मागच्या बाजूने उघडायचे. आम्ही पहिल्या अंकासाठी उभे राहिलेलो असायचो आणि ते म्हणायचे, "सर, आज पाचव्यापासनं धरूया की." मी म्हणायचो, "उद्या नक्की." असे माझे किती उद्या झाले ते विचारू नका.

तुम्ही हौशी मंडळात कधी काम केलं असेल तर आमची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. नाटक जुनं, संगीत, पाच अंकी. तालीम मात्र रोज पहिल्या अंकापासून. तिसऱ्यापर्यंत कुणाची कराडची गाडी निघायची वेळ होते, कुणाला घरून फोन येतो. प्रयोगाच्या दिवशी पहिला अंक घोटून घोटून गुळगुळीत झालेला आणि पाचवा दोनदा नुसता वाचलेला.

तो पाचवा अंक आबा तारून न्यायचे. ते साखर कारखान्यात काट्यावर होते. दिवसभर उसाच्या गाड्या वजन करून सांगलीला यायचे आणि विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायचे. शेवटी शेवटी आमचा राजा सिंहासन सोडून त्यांच्याकडे सरकायला लागला, तेव्हा आम्ही सिंहासनच विंगेजवळ नेलं.

"चार अंक माणसं एकमेकाला छळत्यात," ते सांगायचे. "पाचव्यात कुणीतरी माफी मागतं. त्येच्यासाठी लोक बसून ऱ्हात्यात, सर."

एकदा चहा पिताना सहज म्हणाले, "पर म्या पाचवा कवा बघितलाच न्हाई. डोळं वहीत. मान वर केली तर माणसांच्या पाठी दिसत्यात. एकदा समोर बसून बघीन म्हणतो." मी तिथल्या तिथे शब्द दिला. शब्द द्यायला मी फार तत्पर.

नोकरी संपल्यावर ते मुलीकडे साताऱ्याला गेले. त्यानंतर आम्ही तेच नाटक स्पर्धेसाठी घेतलं. मी फोन केला, "आबा, यायचंच. तिसऱ्या रांगेत खुर्ची ठेवतो." त्यांनी प्रयोगाची तारीख दोनदा विचारून घेतली.

पुढे स्पर्धेचे नियम आले. वेळ कमी होता, काहीतरी कापणं भाग होतं. पहिला अंक कापायला जीव होईना, कारण तोच आम्हाला येत होता. पाचवा अंक काढला आणि सूत्रधाराच्या तोंडी चार वाक्यं घातली. या गडबडीत आबांना कळवायचं राहिलं. राहिलं म्हणतो, पण खरं सांगायचं तर सांगायला तोंड नव्हतं.

दुपारचा प्रयोग होता. आबा इस्त्रीचा सदरा घालून एसटीने आले. चौथा अंक संपला, सूत्रधार बोलला, पडदा पडला. लोक उठून दाराकडे निघाले. आबा तेवढे बसून होते, चष्मा पुसत. त्यांना वाटलं, मध्यंतर आहे.

मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "पाचव्याला लई येळ लावताय."

"आबा, तो काढला. वेळेत बसत नव्हता."

"व्हय का." चष्मा त्यांनी डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला.

मी बडबडायला लागलो. सूत्रधाराने सगळा सारांश सांगितलाय, घरी चला, मी अख्खा अंक वाचून दाखवतो, असं काहीबाही.

"पाठ हाय मला, सर," ते म्हणाले. "बघायचा हुता."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी त्यांना स्टँडवर सोडलं. साताऱ्याची गाडी लागलेली होती. माफी मागायची तर तेव्हाच मागायला हवी होती, पण मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पूर्ण करू." त्यांनी खिडकीतून "करा" म्हटलं आणि मला लवकर घरी जायला सांगितलं, ऊन फार होतं म्हणून.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. आबा गेले होते.

त्यानंतर आम्ही दोन नाटकं केली. पाचवा अंक अजून केलेला नाही.