भाचीचं फिडल ऐकायला मद्रासला

मद्रासला जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मार्गशीर्ष म्हणजे लग्नांचे दिवस, आणि मी लग्नाचा स्वयंपाक करणारी बाई. पण धाकट्या भावाचा, दत्तूचा, निरोप आला की त्याची पोरगी वत्सला तिकडच्या एका फार मोठ्या गवयाच्या साथीला फिडल घेऊन बसणार आहे, आणि अक्का, तू आली नाहीस तर पुन्हा बोलावणार नाही. दत्तू रागानं काही बोलणारा माणूस नाही. तो असं म्हणतोय म्हणजे आत काहीतरी आहे, हे मला कळलं. दोन घरची कामं दुसऱ्या बाईला दिली आणि सोलापूरला मद्रास मेलमध्ये बसले. आपल्या मंडळातल्या बायका रामेश्वरला जाताना मद्रासला उतरायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गाडीचं आधी सांगते. तिसऱ्या वर्गात खिडकी मिळाली तर सोडू नका, पण रायचूरच्या पुढं खिडकीतून कोळशाची पूड इतकी येते की पांढरं लुगडं नेसाल तर रडाल. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या जवळ ठेवा. गुंटकलला पानात बांधलेला दहीभात मिळतो, तो बिनधास्त खा. माझ्या समोर एक तेलुगू बाई होती. तिनं माझी चटणी खाल्ली, मी तिचं लोणचं खाल्लं आणि दोघींनी एकमेकींची भाषा न कळता सुनांना नावं ठेवली. थंडीचे कपडे नेऊ नका. मी पोचले तेव्हा सकाळीच पाठ घामानं भिजली होती.

स्टेशनवर दत्तू आला होता. केस पार पिकलेत. सामान बघून त्यानं रिक्षा बोलावली, ती माणूस ओढतो ती. मी म्हटलं, मला अजून पाय आहेत, आणि बसनं गेले. तो कोडंबाक्कमला राहतो, जिथं सिनेमाचे स्टुडिओ आहेत, आणि तिथंच वाजवतो. त्याची बायको अंबुजा तंजावरच्या मराठी लोकांतली. तिचे पूर्वज कधी तिकडं गेले ते तिलाही ठाऊक नाही. बोलते मराठीच, पण पोथीतल्यासारखी, आणि मध्येच तमिळ शब्द घालते. जेवायला वाढताना "अक्का, आणखीं थोडें घ्या कीं" म्हणाली की वाटतं कुणी कीर्तनकार वाढतोय. सांबार आंबट, कॉफी मात्र अशी की तिच्यासाठी पुन्हा जावं.

त्या संध्याकाळी वत्सलानं मला सगळं समजावलं. एकोणीस वर्षांची पोर, बोटांना घट्टे. म्हणाली, आत्या, आमच्याकडं गवई आधी राग नुसता आळवतो, शब्द नाहीत, ताल नाही. त्याचं झालं की तो थांबतो, आणि मग तोच राग फिडलनं एकट्यानं वाजवायचा. त्यानंतर गाणं सुरू होतं आणि मृदंग येतो. गवई थांबला नाही, सरळ गाणं सुरू केलं, तर सगळ्या मांडवाला कळतं की ह्या साथीदाराची लायकी नाही. कोणी काही बोलत नाही, पण पुन्हा कोणी बोलावतही नाही.

"आणि नाही थांबला तर?" मी विचारलं.

"तर उद्यापासून अप्पांच्या मागं स्टुडिओत बसेन. जागा आहे तिथं."

दत्तू भिंतीकडं बघत होता. मी विचारलं, तालीम कधी आहे? तर तालीम नसतेच म्हणे. गवई काय गाणार हे मांडवातच कळतं. मी म्हटलं, पंगत बसल्यावर आचाऱ्याला कोणी सांगतं का, की आज जिलेबी कर? वत्सला हसली, पण तिचा हात फिडलच्या पेटीवरच होता.

दुसऱ्या दिवशी दत्तूनं मला स्टुडिओ दाखवला. तुम्हाला नट-नट्या बघायच्या असतील तर फाटकाशी उभं राहून उपयोग नाही, त्या पडदे लावलेल्या मोटारीतून जातात. आत कोणीतरी ओळखीचं पाहिजे. मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसले. समोर वादकांच्या रांगा. कर्णा वाजवणारा गोव्याचा, पूर्वी हॉटेलात साहेबांना नाचवायचा. क्लॅरिनेटवाला लग्नाच्या बँडातला. एक म्हातारा देवळात सनई वाजवणाऱ्यांच्या घरचा, तो इथं घंट्या वाजवत होता. आणि सगळ्यात मागच्या रांगेत आमचा दत्तू, जो नाटक कंपनीत होता तेव्हा पडदा वर जायच्या आधी लोक त्याचं फिडल ऐकायला लवकर येऊन बसायचे. कंपनी बुडाली, मग सर्कशीत वाजवलं, मग इथं. गाणारी बाई मोटारीतून आली, तेव्हा सगळे उठले. लाल दिवा लागला. शेवटच्या ओळीत कुणाचं तरी काहीतरी चुकलं आणि पहिल्यापासून पुन्हा. तीनदा तसं झालं. कोणी ओरडलं नाही, नुसतं मागच्या रांगेकडं बघितलं. दत्तूनं मान खाली घातली. चूक त्याची नव्हती, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाला, अक्का, तिथं बोलणाऱ्याला उद्या बोलावत नाहीत.

घरी आलो तर अंबुजा दारातच रडवेली. सभेचा चिटणीस येऊन गेला होता. तिकडं गाणं करणाऱ्या मंडळाला सभा म्हणतात. निरोप असा की मृदंग वाजवणारे विद्वान बायकांच्या बरोबर बसत नाहीत. त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही, पण पाहूं म्हटलंय. आणि ते मोठे गवई, भागवतर, ह्या विद्वानांच्या मृदंगाशिवाय गात नाहीत. म्हणजे विद्वान नको म्हणाले की पोरगी बाद. भागवतरांचा नेहमीचा फिडलवाला तापानं पडलाय म्हणून तर हिला बोलावलं, आणि गाण्याच्या हंगामात दुसरा कोणी मोकळा नाही, तरी कुणीतरी आणतीलच.

तेव्हा तिसऱ्या दिवशी फळं घेऊन आम्ही विद्वानांकडं गेलो, तांबरमला. विजेची गाडी थेट तिथपर्यंत जाते, शेवटचं स्टेशन आहे, म्हणून झोप लागली तरी चिंता नाही. बायकांचा डबा वेगळा असतो. मी, दत्तू, अंबुजा आणि वत्सला. विद्वानांच्या घरी ओसरीवर उभं केलं. आतून तमिळ ऐकू येत होतं, पोरांना शिकवणं चाललं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, कमरेला पांढरी लुंगी, उघडं अंग, असा एक म्हातारा दारातून दिसत होता. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओला रवा थापत होता. मला आधी वाटलं हा काय खाण्याचा प्रकार. अंबुजा म्हणाली, रवा लावल्याखेरीज त्या बाजूला घुमारा येत नाही.

उभं राहून माझे गुडघे दुखायला लागले. बस म्हणायला कोणी आलं नाही. अंबुजा गर्भारपणात नाही उभी राहिली तेवढी उभी राहिली. म्हाताऱ्यानं एकदा आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा रवा थापायला लागला. माझं डोकं फिरलं. मी दत्तूला मोठ्यानंच म्हटलं, "बाईमाणसासमोर बसायची ह्या म्हाताऱ्याला भीती वाटत असेल. हात चुकला तर पोरीला कळेल ना."

अंबुजानं माझं कोपर इतकं जोरात दाबलं की वळ उठला. पण शब्द गेले होते. म्हातारा उठला, हाताचा रवा पुसत दारात आला आणि माझ्याकडं बघून स्वच्छ मराठीत म्हणाला, "भय नव्हे, बाई. रीत आहे."

आणि आत गेला.

व्यंकोजीराव त्याचं नाव. तंजावरच्या मराठी लोकांतलाच. अंबुजा त्याला नुसतं विद्वान विद्वान म्हणत होती, मला काय ठाऊक? तांबरम ते कोडंबाक्कम वत्सला खिडकीबाहेर बघत होती. मी माफीबिफी मागितली नाही. बोलले ते खोटं नव्हतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हेही खरं.

चिटणीसाकडून ना हो आलं ना नाही. चौथ्या दिवशी आम्ही तसेच सभेच्या मांडवात गेलो, मैलापूरला. हे ठिकाण मात्र तुम्ही चुकवू नका. झापांचा मोठा मांडव, दुपारी नवशिके गातात तेव्हा फुकट बसता येतं, संध्याकाळी मोठ्या लोकांना तिकीट. मागच्या बाजूला फराळाची सोय, तिथला बोंडा गरम खावा. कित्येक लोक बोंड्यासाठीच येतात आणि गाण्याला नावं ठेवत खातात. दत्तू आत आला नाही. म्हणाला, मी बाहेर लाउडस्पीकरच्या खांबाशी उभा राहतो, ऐकू येतं तिथं.

पडदा बाजूला झाला. मधे भागवतर, हिऱ्याच्या कुड्या, जरीचं उपरणं. एका बाजूला आमची वत्सला. समोर मृदंगाची जागा रिकामी. पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. अंबुजानं माझा हात धरला. आणि मग व्यंकोजीराव आला, सावकाश, जणू स्वतःच्या घरात. बसला, रवा लावला, दगडानं दोन ठिकाणी ठोकून सूर बघितला. पोरीकडं ढुंकूनही बघितलं नाही.

आला म्हणजे संकट टळलं असं मला वाटलं. टळलं नव्हतं. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याला भागवतरांनी राग थोडा आळवला आणि सरळ गाणं. वत्सलानं उचललेला गज खाली घेतला. तिसऱ्याला तेच. मला गाण्यातलं काही कळत नाही, मी नुसता तो गज बघत होते. वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं हसले. अंबुजाला कळलं ते, मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग मुख्य राग आला. भागवतर खूप वेळ गायले, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीच्या अंगावर काटा आला. मोठा माणूस मोठाच असतो, तो वाईट वागला तरी. वत्सला त्यांच्या मागून हळू हळू येत होती, सावलीसारखी. राग संपला, टाळ्या पडल्या. तिनं गज उचलला. भागवतरांनी तिच्याकडं न बघता ताल द्यायला हात वर केला.

तेवढ्यात व्यंकोजीरावानं मृदंग उचलून उभा केला आणि डाव्या तोंडावरचा रवा नखानं खरवडायला लागला.

भागवतरांचा हात वरच. मृदंगाशिवाय गाणं सुरू होणार कसं? व्यंकोजीरावानं पाणी मागितलं. कोणीतरी तांब्या आणला. त्यानं पुरचुंडीतून कोरडा रवा काढला, तळहातावर घेतला, थेंब थेंब पाणी घालून मळायला लागला, लग्नाघरी करंज्यांचं पीठ मळावं तितक्या निवांत. मांडवात खोकलासुद्धा नाही. भागवतरांनी हात मांडीवर ठेवला.

आणि वत्सलानं सुरुवात केली.

पहिला सूर कापला तिचा, मलासुद्धा कळला. मग नाही कापला. व्यंकोजीराव रवा थापत होता, बोटानं कडा सारखी करत होता, मान खालीच. ती वाजवत गेली. पुढचा म्हातारा हसायचा थांबला. मांडीवरचा त्याचा हात दाद द्यायला उलटा झाला, तो तसाच राहिला. तिनं गज उचलला तेव्हा मागून कोणीतरी "बेश" म्हणालं, आणि मग सगळ्यांनीच. त्याच घडीला रवा लावून झाला. भागवतरांनी क्षणभर डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. पुढच्या रागाला त्यांनीच मान वळवून तिला खूण केली. मनापासून की लोकलाजेनं, कोण जाणे.

बाहेर दत्तू खांबाशी उभा होता. हातातली कॉफी तशीच, वर साय धरलेली. म्हणाला, "अक्का, मद्रासला आल्यापासून मी एकट्यानं असं एकदाही वाजवलं नाही."

मी त्याच्या हातातली कॉफी घेतली आणि फेकून दिली. नवीन घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमाराच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन वत्सलाकडं आला. परतीची गाडी होती, तरी मी आधी तांबरम गाठलं, वत्सलाला घेऊन. ह्या खेपेला बसायला चटई मिळाली. पोरगी पाया पडली. मी म्हटलं, काल तुम्ही रीत मोडलीत, फार चांगलं केलंत.

व्यंकोजीराव माझ्याकडं रोखून बघायला लागला. "रीत मी मोडिली नाहीं," म्हणाला. "रवा सुकला." आणि मला विचारलं, सोलापुराकडे अजून शेंगांची चटणी करतात कीं नाहीं. उरलेली होती ती देऊन आले.

आता घरी येऊन महिना झाला. बायका विचारतात, समुद्र बघितला का, देवळं बघितली का. समुद्र बसमधून दिसला. देवळं तुम्ही बघा, चपला मात्र सांभाळा. मी पुन्हा चुलीपुढं. परवा वाण्याच्या लग्नात शिऱ्याचा रवा भाजत होते तेव्हा हात थांबला, कढई लागली, आणि शेजारणीनं मला बोलून घेतलं.

एक गोष्ट मी दत्तूलाही सांगितली नाही. तांबरमहून परत आल्यावर, गाडीची वेळ होईपर्यंत, मी अंबुजाच्या ताटलीत रवा भिजवून उन्हात ठेवला होता. सगळं जेवण झालं, माझी वळकटी बांधून झाली, स्टेशनला जायला निघालो. बोट लावून बघितलं. समुद्राची हवा आहे ती. रवा ओलाच होता.